थंडर बेच्या गोळ्या

"सात गोळ्यांचे एक डॉलर त्रेसष्ट सेंट," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "नाही, मला सातच्या सात हव्यात." तिनं पुन्हा पडद्याकडे बघितलं. "सातचेच सांगतेय. विमा कंपनीची लाइन सकाळपासून बंद आहे, कार्ड चालणार नाही, म्हणून रोखीचा भाव लावलाय. थांबायचं असेल तर थांबा, दुपारी लाइन आली की विम्यातून घ्या." ती नवीन होती, शिकागोकडची असावी, बोलताना माणसाकडे बघत होती. बुटांवरचा बर्फ वितळून माझ्याभोवती डबकं तयार होत होतं आणि ते हळूहळू खोकल्याच्या औषधांच्या फडताळाकडे निघालं होतं. "आणि नव्वद घेतल्या तर?" मी विचारलं. "एकवीस." "एकवीस काय?" "डॉलर," ती म्हणाली. "तुमच्या डुलुथमध्ये दुसरं काही चालतं का?"

एखाद्याला घरात शिरताना रोजच्या पायरीऐवजी तिथं नुसती हवा लागावी तसं मला झालं. पडलो नाही. या गोळ्या माझ्या आईच्या. तिचं हृदय सात वर्षांपूर्वी एका मंगळवारी ताल सोडून वाजायला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी रोज सकाळी, जन्मभर. याच काउंटरवर, विम्याचं कार्ड सरकवल्यावर, तीन महिन्यांच्या गोळ्यांचा आमच्या वाटणीचा आकडा दोनशे सहा डॉलर आला होता. बाबांनी तो आकडा वाचला, कार्ड खिशात ठेवलं, "आभारी आहे" म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी गाडी काढून सरोवराच्या काठाकाठानं उत्तरेला, सरहद्द ओलांडून कॅनडात थंडर बेला गेले. तिथं त्याच गोळ्या साठ डॉलरला मिळाल्या. बाबा परत आले ते जणू अमेरिका त्यांनीच शोधली आणि नापसंत केली, अशा चेहऱ्यानं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी थंडर बे. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन तास, शिवाय सरहद्दीवर घड्याळ एक तास पुढे करावं लागे, तो तास कॅनडानं चोरला असं बाबांचं मत होतं. परत येताना तो परत मिळायचा, पण त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. या वेळी मात्र वादळानं काठचा रस्ता दोन वेळा बंद पडला, माझी फेरी लांबली, आईच्या डबीत दोनच गोळ्या उरल्या, आणि म्हणून मी आठवड्यापुरत्या सात गोळ्या, होतील तेवढे पैसे मोजून, इथूनच घ्यायला आलो होतो. म्हणजे मी इथं उभा होतो तो केवळ बर्फ पडल्यामुळं, आणि मला भाव कळला तो केवळ तार तुटल्यामुळं.

आमच्याकडे भाव विचारत नाहीत, हे त्या मुलीला कोण सांगणार. आमच्याकडे काहीच विचारत नाहीत. मी महापालिकेत बर्फाच्या तक्रारींच्या फोनवर बसतो. बर्फ ढकलणारी गाडी लोकांच्या गाड्या पुरून पुढे जाते, आणि लोक मला फोन करतात. पण तक्रार कोणी करत नाही. "तक्रार नाही हं," एक आजोबा म्हणाले होते, "नुसतं कानावर घालतो. माझी गाडी सोमवारपासून दिसत नाही. तुम्हाला घाई असेल तर राहू दे." एक बाई तर गाडीच्या आतून बोलत होत्या. पाहुण्याकडे गेलं की कॉफीला तीनदा नाही म्हणायचं, चौथ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं, आणि यजमानानं चौथ्यांदा विचारलंच नाही तर कॉफीशिवाय घरी यायचं आणि त्या घराबद्दल चाळीस वर्षं चांगलं बोलायचं. माझे आजोबा फिनलंडहून इथं आले तेव्हा बंदरावर त्यांना चुकीच्या रांगेत उभं केलं होतं. ते सहा तास उभे राहिले. ती रांग कशाची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विचारलं नाही. अशा रक्ताच्या माणसानं आज दोन प्रश्न विचारले होते, तेही ओळीनं, आणि जग मोडलं होतं.

मग मागच्या खोलीतून गेलनकाका बाहेर आले. गेलन रुस्टन, दुकानाचे मालक, औषधं देणारे तेच. माझ्या लहानपणी चर्चच्या तळघरात मला बायबलातल्या बेडकांची गोष्ट सांगणारेही तेच. त्यांनी मला बघितलं, मुलीच्या पडद्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच दुकानात त्यांना कोणी चोरी करताना पकडलं. "ब्रिट, तू जरा जेवून घे," ते मुलीला म्हणाले. "दहा वाजलेत," ती म्हणाली. "मग नाश्ता कर," काका म्हणाले. ती गेली. आम्ही दोघं उरलो, मध्ये एकवीस डॉलर.

"वेस," ते म्हणाले, "आता तू भाव विचारलास, म्हणजे मला बोलता येतं."

"न विचारता येत नव्हतं?"

"करारात आहे तसं. विमा कंपनीच्या. कार्डावर आकडा ती ठरवते, वरचे पैसे तिलाच जातात. गिऱ्हाइकानं स्वतःहून विचारलं तरच रोखीचा भाव सांगायचा. आपण होऊन सांगितला तर करार रद्द. मग निम्म्या गावाची कार्डं इथं चालायची नाहीत, आणि मी दुकानाला कुलूप लावायचं." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छ होता. "म्हणून तर मी दर वेळी विचारायचो ना. तुझ्या आईला, तुझ्या बापाला, तुला. खोकल्याचं औषध न्यायला आलात तरी. काही विचारायचंय का?"

ते खरं होतं. ते विचारायचे. इतकं नेमानं की आम्हाला तो त्यांच्या नॉर्वेकडचा शिष्टाचार वाटे. "काही विचारायचंय का?" आणि आम्ही सगळे, काउंटरच्या या बाजूला, आजोबांपासून चालत आलेलं उत्तर देत असू. "नाही नाही, काही नाही. सगळं छान." आई तर वर म्हणायची, "तुम्हालाच कामं आहेत." मी त्या वाक्याच्या सगळ्या वेळा आठवायला लागलो. खूप होत्या. एकदा काकांनी आईचा हात काउंटरवर जरासा धरूनच ठेवला होता, आणि घरी येऊन आई म्हणाली होती, "गेलनला बहुतेक एकटं वाटतं. त्याला केक देऊन ये." मी केक देऊन आलो होतो. केक घेताना त्यांनी मला विचारलं होतं, काही विचारायचंय का. मी सांगितलं, ताटली सावकाश दिलीत तरी चालेल.

"किती वर्षं हा भाव?" हा माझा चौथा प्रश्न. मला सवयच लागत होती.

"पहिल्यापासून. एखाद डॉलर इकडेतिकडे." काका फडताळाला टेकले. "तुझ्या बापाला, रायनोला, मी एकदा उघड सांगितल्यासारखंच केलं, वेस. तुमच्याच वाफेच्या खोलीत. दोघंच होतो. मी म्हटलं, रायनो, तू मला एक गोष्ट विचारायला हवीस. औषधाबद्दल. दुकानाबद्दल. काहीही. तू विचार, मी उत्तर देतो."

आमच्या घरामागं लाकडाची छोटी खोली आहे, तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायची. फिनलंडकडची माणसं जे काही बोलतात ते तिथंच, आणि बाबा तिथंही जपून बोलत. मला ते दोघे दिसले. दोन उघडी, लाल, म्हातारी शरीरं फळीवर शेजारीशेजारी, आणि त्यांच्यामध्ये वाफेत लटकलेला एकवीस हा आकडा.

"मग बाबांनी काय विचारलं?"

"विचार केला त्यानं. खूप वेळ. दोनदा पाणी ओतलं. मग म्हणाला," काका थांबले, "म्हणाला, यंदा मासे कसे लागतायत?"

मी हसलो. ते हसू माझं नव्हतं, कुणीतरी माझ्या तोंडात ठेवलेलं होतं, आणि ते लवकर निघेना. काकाही थोडे हसले, मग आम्हाला दोघांनाही एकदमच आठवलं आणि आम्ही थांबलो. कारण बाबा गेल्याच्या आदल्या नोव्हेंबरात वारले. थंडर बेहून परत येताना. संध्याकाळची वेळ, रस्ता कोरडा, वेग मर्यादेच्या दोन मैल खाली, आणि समोर मूस. मूस म्हणजे हरणाच्या घराण्यातला, पण घोड्याहून उंच, आणि रस्त्यावर उभं राहण्यापलीकडे आयुष्यात काही ठरवलेलं नाही असा प्राणी. त्याचे पाय इतके लांब की धड गाडीच्या दिव्यांच्या वर राहतं, त्यामुळं दिवे त्याच्या अंगावर पडतच नाहीत. गाडी त्याच्या पायांतून जाते आणि उरलेला मूस आत येतो. पोलिसांनी हे मला समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून. चित्र चांगलं होतं. मग त्यांनी कागदी पिशवी दिली. पिशवीत आईच्या नव्वद गोळ्यांची बाटली होती, तिला ओरखडाही नव्हता, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेले तीन पॅनकेक, फिनलंडच्या पद्धतीचे, पातळ, बाबा दर खेपेला आमच्यासाठी आणत ते. आईनं पॅनकेक फ्रीजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या बाटलीतली पहिली गोळी घेतली. मी समोर बसलो होतो. ती नव्वद सकाळी त्या बाटलीतली गोळी घेत होती आणि नव्वद सकाळी मी समोर बसत होतो, आणि आम्ही हवामानाबद्दल बोलत होतो. शेवटच्या सकाळी ती म्हणाली, "रायनोनं आणलेल्या संपल्या." त्यापुढच्या शनिवारी मी गाडी काढली. अंत्यसंस्काराला गेलनकाकांनी बटाटे आणि खिम्याची मोठी परात आणली होती, वरून कुरकुरीत केलेली. परत द्यायच्या भांड्याखाली नाव लिहायची पद्धत आहे, तसं त्यांनी लिहिलं होतं, रुस्टन. मी ते भांडं घासून, सुकवून, आभार मानून परत दिलं होतं.

मी नव्वद गोळ्या घेतल्या. एकवीस डॉलर दिले. काकांनी पिशवी पुढे केली तेव्हा ते आपोआप बोलून गेले, "काही विचारा—" आणि स्वतःच थबकले. मला त्यांना मारायचं होतं. मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही, कुठून सुरुवात करतात तेही माहीत नाही. मी म्हणालो, "आभारी आहे," आणि दारातून बाहेर पडताना, कुणी येतंय का बघून, दार थोडा वेळ धरूनही ठेवलं. कुणी येत नव्हतं.

गाडीत बसून मी योजना आखली. आईला कळता कामा नये. बाबा तिच्या गोळीसाठी गेले, हे तिच्या जवळ असलेलं एकमेव धड वाक्य होतं. त्यावर ती उभी होती, रोज सकाळी गोळी गिळून पुन्हा उभी राहत होती. ते वाक्य काढून घेतलं तर तिथं उरतो फक्त एक मूस. तेव्हा मी काही बदलणार नव्हतो. दर तीन महिन्यांनी इथून चोरून गोळ्या घ्यायच्या, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायच्या, थंडर बेला जायचं, तिथल्या दुकानातून कसलंतरी मलम घेऊन त्यांची पिशवी मिळवायची, गाडीत बसून डुलुथच्या गोळ्या कॅनडाच्या जुन्या बाटलीत ओतायच्या, पॅनकेक खायचे, आणि परत यायचं. जन्मभर. आई शंभर वर्षं जगली तर मी पासष्टीचा होईन आणि तरी करीन. योजनेत मला एकही दोष दिसला नाही. आठवड्याच्या सात गोळ्या मी पाकिटात घालून आईला दिल्या, गेलनकाकांनी उसन्या दिल्यात म्हणून सांगितलं. "चांगला आहे गेलन," आई म्हणाली. "त्याला रस्सा पाठवू या." मग भांडी विसळता विसळता, पाठमोरीच, ती म्हणाली, "या शनिवारी मी येते तुझ्याबरोबर."

"कुठं?"

"थंडर बेला. रस्ता बघायचाय मला. अजून बघितलाच नाही."

बाबा वारल्यापासून ती त्या रस्त्याला गेली नव्हती. मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, फेब्रुवारी आहे. मी म्हटलं, कंटाळशील. ती म्हणाली, "तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं काढलीत."

शनिवारी आम्ही निघालो. डाव्या हाताला झाडं, उजव्या हाताला सरोवर, काठाला गोठलेलं आणि आत काळं. कोटाच्या आतल्या खिशातली बाटली दर वळणावर खुळखुळत होती आणि मी प्रत्येक वेळी खोकत होतो. "सर्दी झालीय का?" आईनं विचारलं नाही, ती म्हणाली, "सर्दी झालीय तुला." शंभर मैल आम्ही चार वाक्यं बोललो, त्यातली दोन एका ट्रकबद्दल. ती जागा आली. मी वेग कमी करणार नव्हतो, पण पाय आपोआप उचलला गेला. काही नव्हतं तिथं, बर्फ, झाडं, मैलाची हिरवी पाटी. आई काचेतून बघत राहिली आणि मग जागा मागे गेल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं वळण असेल." थोड्या वेळानं म्हणाली, "सरळ रस्त्यावर गेला." आणि आणखी थोड्या वेळानं, डब्यातलं सँडविच माझ्या हातात देत, "माझ्यासाठी एवढं लांब." तिच्या आवाजात, मी खोटं कशाला सांगू, अभिमान होता. असा अभिमान तिनं चर्चमध्ये कुणाला दाखवला नसता. माझ्या कोटात एकवीस डॉलरच्या गोळ्या खुळखुळल्या. मी खोकलो. मला वाटलं, हे वाक्य मी मरेपर्यंत राखीन, कुत्र्यासारखा बसून राखीन.

पण सरहद्द आली, आणि सरहद्दीवर आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. हा बाबांचा नियम नव्हता, त्यांचा तो स्वभावच होता. त्यांनी एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद जाहीर केलं होतं आणि अधिकाऱ्यानं घाईत जा म्हटलं तरी गाडी बाजूला घेऊन ते त्याच्यासमोर संपवलं होतं. खिडकीतला अधिकारी माझ्याच वयाचा, नाक लाल झालेला, हातात कॉफी. कॅनडाला यायचं कारण काय, त्यानं विचारलं. "औषध आणायला," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. त्याला दिवसाला असे वीस भेटत असणार. "दारू, बंदूक, तंबाखू?" "नाही." "बरोबर काही औषधं?"

मी नाही म्हणणार होतो. शब्द तयार होता. तेवढ्यात मला कळलं की आई माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघतेय, बाबा बसायचे तशी, पाठ ताठ, दोन्ही हात दिसतील असे मांडीवर ठेवून. "आहेत," मी म्हणालो. आणि बाटली काढून दिली. न काढून करतो काय, ती तोपर्यंत कोटातून वाजलीच होती.

त्यानं लेबल वाचलं. "नव्वद गोळ्या. डुलुथ. या आठवड्यातल्या." मग विचारलं, "आणि इकडून काय न्यायला आलात?"

"त्याच."

"ह्याच?"

"हो."

"तुमच्याकडे मिळत नाहीत?"

"मिळतात. त्या मिळालेल्याच आहेत."

"मग महाग पडतात तिथं."

त्यानं कॉफी खाली ठेवली. मला दिसलं की तो संशयी नाही, तो खरोखरच समजून घ्यायचा प्रयत्न करतोय, आणि ते जास्त वाईट होतं. "साहेब, हे मला नोंदवावं लागेल, म्हणून विचारतोय. महाग पडतात का?"

"नाही," मी म्हणालो. "स्वस्त पडतात. तिसऱ्या हिश्शात."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला नाही. आमच्याच बाजूची असणार. मी समोर बघत होतो. काचेवरचे वायपर उगाचच चालू होते, घासत होते, आणि ते बंद करायचं बटण कुठं आहे ते मला आठवेना.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

तिचा आवाज मी प्रश्नाच्या शेवटी असा वर गेलेला कधी ऐकला नव्हता. एकसष्ट वर्षं तिनं हा आवाज कुठंतरी जपून ठेवला होता.

"परवापासून," मी म्हणालो. "परवाच भाव उतरले. वरून हुकूम आलाय. सगळ्या देशात." आणि मला हलकं वाटलं, कारण ते चांगलं होतं, त्यात परवा होता, हुकूम होता, देश होता. त्यात बाबा नव्हते. अधिकाऱ्यानंही मान हलवली, हो, असं होतं कधीकधी, अशी, आणि बाटली परत दिली.

आईनं ती माझ्या हातातून घेतली. लेबल वाचलं. रुस्टन हे नाव तिनं अंगठ्यानं झाकलं, मग अंगठा काढला. मग ती माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली. तिचा कोपर माझ्या छातीला लागत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "मुलगा खोटं बोलला. आत्ता. तुमच्यासमोर."

अधिकारी माझ्याकडे बघायला लागला, मी स्टिअरिंगकडे. "औषधाबद्दल?" त्यानं विचारलं.

"औषध खरं आहे. दिवस खोटा आहे." तिनं शब्द शोधला. "आमच्या घरात एवढ्या लवकर कुणी उत्तर देत नाही."

पलीकडे कॅनडा होता, अगदी इकडच्यासारखा, तीच झाडं, तोच बर्फ, फक्त एक तास पुढे. मग त्याच्यासमोरच्या पडद्यावर एक रकाना रिकामाच असावा, कारण तो ओशाळून म्हणाला, "बाई, माफ करा, पण मला काहीतरी भरावं लागतं. कॅनडाला यायचं कारण काय लिहू?"

आईनं विचार केला. तिनं खूप वेळ घेतला, आणि कुणी तिला घाई केली नाही.

"नव्हतं," ती म्हणाली. "कारण नव्हतं."

त्यानं काही लिहिलं नाही. हात बाहेर काढून त्यानं दोन रांगांच्या मधली मोकळी जागा दाखवली, जिथून परतणाऱ्या गाड्या वळतात.